अचेबे वाचतो, मग ‘क्षिप्रा’ का नाही?

आपल्या मंडळात हल्ली आफ्रिकन कादंबऱ्यांची चर्चा जोरात असते, आणि ते मला मनापासून आवडतं. चिनुआ अचेबे, न्गुगी वा थिओंगो, त्सित्सी डांगारेम्बगा ही नावं आता फक्त इंग्रजी विभागाची राहिलेली नाहीत. मराठीवाले, इतिहासवाले, अगदी स्टॅटिस्टिक्सवालेसुद्धा ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचून कँटीनमध्ये भांडतात. ओकोन्क्वो बरोबर की त्याचा मुलगा न्वोये बरोबर, मिशनऱ्यांनी गाव मोडलं की गाव आधीच आतून मोडत आलं होतं, यावर आवाज चढतात. एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात ही कादंबरी इतक्या मोकळेपणी वाचली जाते, याचा मला अभिमानही आहे.

तेव्हा माझी तक्रार या वाचनाबद्दल नाही. तक्रार एवढीच, की नायजेरियापर्यंत जाणारे आपण उज्जैनला का जात नाही?

उज्जैन म्हटलं की लोकांना महाकाल आठवतो, सिंहस्थ आठवतो, फार तर कालिदास. मी तिथली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि शाळेच्या वहीत इंग्रजी अशी माझी वाढ झाली. त्यामुळे पहिली कादंबरी, भाषेची निवड, सत्ता गेल्यानंतरचा समाज असे विषय निघाले की मला आफ्रिकेच्या आधी एक मराठी पुस्तक आठवतं. शरच्चंद्र मुक्तिबोध यांची ‘क्षिप्रा’. साल १९५४, म्हणजे अचेबेंच्या पहिल्या कादंबरीच्या चार वर्षं आधी. मुक्तिबोधांचीही ही पहिलीच कादंबरी, आणि तिचं नाव आमच्या गावच्या नदीचं.

ग्रुपवर मी सहज विचारलं होतं, कुणी वाचलीय का. बऱ्याच वेळानं दोन उत्तरं आली आणि दोन्ही सारखीच होती: “मुक्तिबोध म्हणजे ते हिंदीतले ना?”

नाही, ते नाहीत. पण प्रश्न चुकीचा नाही, उलट इथूनच सुरुवात केली पाहिजे.

हिंदीतले मुक्तिबोध म्हणजे गजानन माधव, जन्म १९१७. शरच्चंद्र त्यांचे धाकटे भाऊ, जन्म १९२१. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस अधिकारी. घरातली भाषा मराठी. थोरल्यानं हिंदी निवडली, धाकट्यानं मराठी. १९४३ साली अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ संपादित केलं. आधुनिक हिंदी कवितेला वळण देणारा तो संग्रह. त्यातल्या सात कवींपैकी दोघांची घरची भाषा मराठी होती. एक गजानन माधव, आणि दुसरे प्रभाकर माचवे, जे उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकवायचे. मराठी घरातून हिंदीत जाणं तेव्हा काही विचित्र नव्हतं. आजूबाजूचा वाचक हिंदी, मासिकं हिंदी, मित्रही हिंदी. शरच्चंद्र मात्र मराठीत राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा कवितासंग्रह १९४९ चा. मग १९५४ ला ‘क्षिप्रा’, १९६२ ला ‘सरहद्द’ आणि १९६९ ला ‘जन हे वोळतु जेथे’. तीन कादंबऱ्या, पंधरा वर्षं आणि नायक एकच, बिशू. पुढे ते नागपूरला प्राध्यापक होते. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, पण तो ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला. म्हणजे पुरस्काराच्या निमित्तानंसुद्धा कादंबरीकार मुक्तिबोध लोकांपुढे आले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एका भाषेत शेकडो कादंबऱ्या येतात, काही टिकतात, काही जातात. यात नवल काय? चांगलं असतं ते टिकतंच.

हे ‘टिकतंच’ मला पटत नाही, आणि का पटत नाही हे मी अचेबेंकडूनच शिकले.

‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आपोआप टिकली नाही. अचेबेंनी हातानं लिहिलेली एकुलती एक प्रत १९५७ मध्ये लंडनच्या एका टायपिंग कंपनीकडे पाठवली, पैसेही भरले आणि पुढे कित्येक महिने उत्तरच नाही. नायजेरियाच्या रेडिओवर त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एक बाई, अँजेला बीटी, लंडनला गेल्या असताना त्या कचेरीत जाऊन ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे टाइप केलेली प्रत परत आली. नाहीतर विषय तिथंच संपला असता. हाइनमन या प्रकाशनानं १९५८ मध्ये पुस्तक काढलं, पहिली आवृत्ती २००० प्रतींची. त्यात जगप्रसिद्धी वगैरे काही नव्हतं. खरा बदल १९६२ नंतर झाला. हाइनमननं ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ सुरू केली, स्वस्त कागदी बांधणीची. त्या मालेचं पहिलं पुस्तक हेच, आणि पहिली दहा वर्षं संपादक म्हणून स्वतः अचेबे. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांतल्या शाळांना आपल्या लेखकांची पुस्तकं हवी होती. ती वर्गात गेली, परीक्षेत आली, घराघरात पोचली.

त्याच वर्षी कंपालाच्या माकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखकांची एक परिषद झाली. तिथं एका विद्यार्थ्यानं आपलं हस्तलिखित अचेबेंच्या हातात ठेवलं. तो विद्यार्थी म्हणजे न्गुगी. ‘वीप नॉट, चाइल्ड’ ही त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी १९६४ मध्ये याच मालेत आली. एका पहिल्या कादंबरीनं दुसऱ्या पहिल्या कादंबरीला वाट करून दिली ती अशी.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, पुस्तकाचं स्वागत हे हवामानासारखं नसतं, की आज ऊन आणि उद्या पाऊस. ते माणसं घडवतात. कुणीतरी हस्तलिखितामागे धावतं, कुणीतरी स्वस्त आवृत्ती काढतं, कुणी शिक्षक ते वर्गात नेतो, कुणी विद्यार्थी त्यावर भांडतो. मग पन्नास वर्षांनी आपण म्हणतो, बघा, चांगलं होतं म्हणून टिकलं.

‘क्षिप्रा’साठी ही धावपळ कुणी करायची होती? इथं मला नकाशा उघडावासा वाटतो.

१९५४ साली उज्जैन ‘मध्यभारत’ नावाच्या राज्यात होतं. नागपूर तेव्हाच्या मध्यप्रदेशाची राजधानी होतं आणि ते राज्य हिंदी-मराठी द्विभाषिक होतं. म्हणजे एका मराठी लेखकानं उज्जैनच्या नदीचं नाव मराठी कादंबरीला द्यावं, यात तेव्हा काहीच वेगळं नव्हतं. दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, भाषावार राज्यं झाली. उज्जैन नव्या मध्यप्रदेशात गेलं, नागपूर मुंबई राज्यात आलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. महाराष्ट्र झाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाषेला राज्य मिळालं की साहित्यालाही सीमा मिळते. पाठ्यपुस्तक मंडळ, ग्रंथालयांचं अनुदान, विद्यापीठांचे अभ्यासक्रम, राज्य पुरस्कार हे सगळं राज्याच्या आत उभं राहतं. कादंबरी मराठी, लेखक नागपूरचा, पण तिच्या नावातली नदी दुसऱ्या राज्यात. अशा पुस्तकाला ‘आपलं’ म्हणायला कोण येणार? उज्जैनचा वाचक हळूहळू हिंदी झाला आणि महाराष्ट्राच्या वाचकाला क्षिप्रा म्हणजे सिंहस्थाच्या स्नानाची नदी. ‘क्षिप्रा’ मागे का पडली याचं हे एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही. पण हे कारण आपण कधी मोजतच नाही, असं मात्र माझं मत आहे.

दुसरं कारण खणांचं. ते दशक प्रादेशिक कादंबरीचं. श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ १९५२ चा, गोनीदांची ‘शितू’ १९५३ ची, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. ‘बनगरवाडी’ ही माडगूळकरांचीही पहिलीच कादंबरी, आणि १९५८ मध्ये ती इंग्रजीतसुद्धा गेली. कोकणाला खण मिळाला, माणदेशाला मिळाला, पुढे १९६० मध्ये उद्धव शेळक्यांच्या ‘धग’नं वऱ्हाडालाही मिळवून दिला. माळव्याला नाही मिळाला. कारण ‘प्रादेशिक’ म्हणजे खेडं, शेती, बोली असं आपलं ठरलेलं. माळव्यातला मराठी समाज मुख्यतः शहरातला, नोकरदार, शिकलेला. त्याच्यावरची कादंबरी प्रादेशिक म्हणावी तर त्यात खेडं नाही, आणि ‘मध्यमवर्गीय’ म्हणावी तर त्यात पुणं-मुंबई नाही. मग मुक्तिबोध मार्क्सवादी असल्यामुळे तिला ‘वैचारिक’च्या खणात टाकलं की काम झालं. खण मिळाला, पण वाचक गेला.

खण वाचनाच्या आधी येतो तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याला जवळचं आहे. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. विधवांच्या हालांबद्दल इतक्या आधी, इतक्या थेटपणे लिहिलेली मराठी कादंबरी. पण ‘मिशनरी पुस्तक’ अशी चिठ्ठी एकदा लागली, आणि पहिली कादंबरी कोणती या वादात तिचं नाव घेताना लोक ‘पण’ हा शब्द जोडत राहिले. त्यात धर्मप्रचार आहे हे खरंच आहे. पण प्रचार आहे म्हणून त्यातल्या बायका दिसूच नयेत, हे वाचन नव्हे. ‘क्षिप्रा’ला मार्क्सवादाची चिठ्ठी लागली, एवढाच फरक.

आता भाषेबद्दल. हा मुद्दा माझ्यासाठी जरा घरचा आहे.

मी इथं आले तेव्हा माझी मराठी ऐकून लोक हसायचे. आमच्याकडे ‘मला चांगलं लागलं’ असं सर्रास म्हणतात, हिंदीतून आलेलं. इथं पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, “कुठे लागलं? दुखतंय का?” विनोद चांगला होता, मीही हसले. पण हळूहळू मी वर्गात कमी बोलायला लागले. आपली मराठी म्हणजे थोडी बिघडलेली मराठी असं मनात बसलं, की माणूस लिहीत नाही. एखाद्या गावातली माणसं लिहायची थांबली, की पुढच्या पिढीला वाटतं तिथं लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

नायजेरियाच्या एमॉस तुतुओला यांचं उदाहरण इथं फार बोलकं आहे. ‘द पाम-वाइन ड्रिंकर्ड’ हे त्यांचं पहिलं पुस्तक १९५२ मध्ये लंडनच्या फेबरनं काढलं. योरुबा लोककथांचं जग आणि इंग्रजी अशी, की व्याकरणाच्या मास्तरांनी डोक्याला हात लावावा. लंडनमध्ये डिलन टॉमस या कवीनं त्याचं भरभरून कौतुक केलं. आणि घरी? शिकलेल्या नायजेरियनांपैकी अनेकांना लाज वाटली. असल्या मोडक्या इंग्रजीमुळे जग आपल्याला अडाणी समजेल, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी, की दोन्ही बाजू पुस्तकाकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघत होत्या. परक्यांना त्यात अद्भुत आफ्रिका हवी होती, घरच्यांना आपली इभ्रत.

न्गुगींनी हा प्रश्न टोकाला नेला. सुरुवातीच्या कादंबऱ्या इंग्रजीत लिहून नाव झाल्यावर ते आपल्या गिकुयू भाषेकडे वळले. १९७७ च्या अखेरीस गिकुयू नाटकामुळे तुरुंगात गेले आणि तिथं टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. अचेबेंचं मत वेगळं होतं. नायजेरियात इतक्या भाषा, तर इंग्रजीच वाकवून आपली करून घ्यावी, असं ते म्हणत. हा वाद आपण सेमिनारमध्ये किती रंगून करतो! पण हाच पेच उज्जैनच्या एका मराठी घरातल्या दोन भावांपुढे होता, आणि दोघांनी दोन उत्तरं दिली, हे आपल्याला ठाऊक नसतं. अर्थात हिंदी म्हणजे इंग्रजी नव्हे. ती कुणा साहेबाची भाषा नव्हती, शेजारची होती. म्हणून इथं कुणी फितूर नाही आणि कुणी हुतात्मा नाही. थोरल्या भावालाही काही सोन्याचं ताट मिळालं नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६४ मध्ये आला तो त्यांच्या मृत्यूनंतर. पण हिंदीनं त्यांना नंतर तरी शोधून काढलं. आज हिंदीचा कुठलाही गंभीर विद्यार्थी त्यांना टाळून पुढे जात नाही. धाकट्याला आपण मराठीवाल्यांनी अजून शोधलेलं नाही, आणि शोधायचं असेल तर ते काम हिंदीवाले येऊन करणार नाहीत.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की ही बृहन्महाराष्ट्राची नेहमीची रड आहे. शिंद्यांचं राज्य, होळकरांचे वाडे, आमची मराठी, आमचे गणपती, आणि आम्हाला कुणी विचारत नाही. नाही, मला ती रड करायची नाही. उलट ‘क्षिप्रा’ वाचायची ती याच रडीवर उतारा म्हणून.

कारण माळव्यातल्या मराठी माणसाची गोष्ट सरळ नाही. अठराव्या शतकात आम्ही तिथं गेलो ते राज्यकर्ते म्हणून. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, पुढे बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधलं, हे आम्ही अभिमानानं सांगतो. पण चौथ आणि सरदेशमुखी देणाऱ्या माळव्याच्या शेतकऱ्यानं आमच्याबद्दल काय सांगितलं असतं, हे आम्ही विचारत नाही. मग २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला, याच क्षिप्रेच्या काठी, होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली. राज्य करणारे स्वतःच मांडलिक झाले. पुढची सव्वाशे वर्षं वर इंग्रज, मध्ये संस्थानिक आणि खाली प्रजा. संस्थानाच्या चाकरीतलं मराठी घर या उतरंडीत मधल्या पायरीवर उभं. ना पूर्ण मालक, ना पूर्ण गुलाम.

अशा घरातला मुलगा चळवळीकडे ओढला गेला, तर तो नेमका कुणाविरुद्ध उभा राहतो? इंग्रजांविरुद्ध, हे सोपं आहे. पण संस्थानाविरुद्ध, म्हणजे ज्या पगारावर घरची चूल पेटते त्या पगाराविरुद्ध? आणि मराठीपणाच्या ज्या तोऱ्यात तो वाढला, त्याच्याविरुद्ध? बिशू हा अशा काळाचा मुलगा आहे. मुक्तिबोधांनी स्वातंत्र्यलढ्याचं शेवटचं पर्व एका मध्यमवर्गीय तरुणाच्या मनातून उलगडायला घेतलं आणि त्यासाठी त्यांना तीन कादंबऱ्या लागल्या. नुसती नावं ओळीनं वाचा. आधी नदी, मग सरहद्द, मग जन. घराजवळच्या पाण्यापासून निघून माणसांच्या गर्दीपर्यंत जाण्याचा हा रस्ता आहे. आपल्या वर्गाच्या, आपल्या समाजाच्या कोषातून बाहेर पडायला एका माणसाला किती वेळ लागतो, याचा तो हिशोब आहे असं मी समजते.

आणि चांगल्या आफ्रिकन कादंबऱ्या आपल्याला हेच तर शिकवतात. अचेबेंनी उमुओफिया गाव स्वर्गासारखं रंगवलेलं नाही. तिथं जुळी मुलं रानात टाकली जातात, आणि ज्याला मुलगा मानलं त्या इकेमेफुनावर ओकोन्क्वो स्वतः घाव घालतो. न्गुगींच्या पहिल्या कादंबरीत गोऱ्या मळेवाल्याइतकाच त्याला सामील झालेला गावचा जाकोबो महत्त्वाचा आहे. वसाहतीनंतरचं लेखन म्हणजे ‘ते वाईट, आम्ही चांगले’ असं नव्हे. आम्ही त्या उतरंडीत कुठे होतो, हे तपासणं म्हणजे ते लेखन. उज्जैनच्या मराठी माणसाला हा प्रश्न नायजेरियन माणसापेक्षा जास्त टोचायला हवा, कारण आम्ही जिंकणारेही होतो आणि जिंकले गेलेलेही.

एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. ‘कोसला’ बघ, नेमाड्यांचीही पहिलीच कादंबरी, १९६३ ची. तिला कुणी हात धरून चालवलं? पोरांनी स्वतःहून डोक्यावर घेतली. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ म्हणत एक अख्खी पिढी पांडुरंग सांगवीकरसारखी बोलायला लागली. ‘क्षिप्रा’त ती ताकद असती तर तिचंही झालं असतं.

असेलही. ‘कोसला’ मलाही आवडते, आणि ‘क्षिप्रा’ तिच्यापेक्षा मोठी आहे असं मी म्हणत नाही. बिशू पांडुरंगासारखा पहिल्या पानावर खिशात घालत नाही, तो विचार करत बसतो, आणि विचार करणाऱ्या नायकाबरोबर वाचकाला धीर धरावा लागतो. पण पांडुरंग सांगवीहून पुण्याला येतो. त्याच्यासारखी खेड्यातून पुण्याला आलेली हजारो पोरं होस्टेलात होती, त्यांनी त्याला लगेच ओळखलं. बिशूला ओळखणारी पोरं हिंदी माध्यमाच्या शाळांत शिकत होती. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरण्याआधी ते कुणाच्या तरी हातात पडावं लागतं. वाचून ‘नाही आवडली’ म्हणा, मी भांडेन, पण तक्रार करणार नाही. न वाचता ‘टिकली नाही म्हणजे नसेल चांगली’ असं म्हणणं, हे मला मान्य नाही.

‘थिंग्ज फॉल अपार्ट’चा शेवट तुम्हाला आठवत असेल. ओकोन्क्वोचा एवढा मोठा जीवनपट संपतो आणि गोरा डिस्ट्रिक्ट कमिशनर मनात ठरवतो, की आपल्या पुस्तकात या माणसावर एखादा परिच्छेद घालता येईल. आपण सगळे त्या जागी चिडतो. आख्खी कादंबरी वाचून आलेलो असतो ना आपण, आणि हा माणूस ती परिच्छेदात गुंडाळतोय! मी माझी नोट्सची वही काढून बघितली. ‘शरच्चंद्र मुक्तिबोध: नवकवी, मार्क्सवादी समीक्षक. कादंबऱ्या: क्षिप्रा, सरहद्द, जन हे वोळतु जेथे.’ बस. कमिशनर निदान परिच्छेद तरी देणार होता.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. पुढच्या सत्रात जोडवाचन करू या. एक आफ्रिकन पहिली कादंबरी आणि तिच्या जोडीला ‘क्षिप्रा’. प्रती मिळवणं सोपं जाणार नाही. मलाही ती नातेवाइकांच्या कपाटात सापडली, पानं पिवळी पडलेली. जुन्या ग्रंथालयांत विचारू, एकमेकांना फिरवू, पाळीपाळीनं वाचू. हिंदी विभागाच्या मित्रांना बोलावू. थोरले मुक्तिबोध त्यांनी सांगावेत, धाकटे आपण सांगू. आणि नंतर प्रत्येकानं याच अंकासाठी पानभर लिहावं, कौतुकच पाहिजे असं नाही. कंटाळा आला तर कुठल्या पानावर आला ते लिहा. ग्वाल्हेरला १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, इंदूरला २००१ मध्ये विजया राजाध्यक्षांच्या. मांडव पडला, मांडव उठला. संमेलनं तीन दिवसांची असतात. पुस्तकाला रोजचा वाचक लागतो.

माझ्या गावात मराठी बोलणारी घरं अजून आहेत. पण आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो, हे आता घरोघरी दिसतं. त्या नातवानं उद्या विचारलं, की आपल्या या गावाबद्दल मराठीत कधी कुणी काही लिहिलंय का, तर त्याला एका पुस्तकाचं नाव सांगता आलं पाहिजे. नुसतं नाव नको, त्यात काय आहे तेही. त्यासाठी आधी आपल्याला ते वाचावं लागेल.